ओळखा पाहू, मी कोण? : सवयींवरून वन्यप्राणी ओळखण्याचा खेळ

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, 'ओळखा पाहू' हा खेळ आपण सगळेच घेतो. "मी जंगलाचा राजा, मला मोठी आयाळ, सांगा मी कोण?" वाक्य पुरं व्हायच्या आत अख्खा वर्ग ओरडतो, "सिंह!" झाला खेळ. मुलांना नवीन काय कळलं? काहीच नाही. उलट एक चूक पक्की झाली, कारण सिंह दाट जंगलापेक्षा गवताळ, झुडपी, मोकळ्या रानात जास्त रमतो. आपल्या देशात तर तो फक्त गुजरातमध्ये, गीर आणि त्याच्या आसपासच आहे.

म्हणून मी या खेळाचा एकच नियम बदलला. प्राणी दिसतो कसा, हे सगळ्यात शेवटी सांगायचं. आधी तो काय करतो ते सांगायचं. आणि उत्तर आलं की लगेच पुढच्या प्राण्याकडे पळायचं नाही, "तो असं का करत असेल?" हे विचारायचं. खरा पाठ तिथून सुरू होतो.

एक नमुना बघा. "माझे वरचे पुढचे दोन दात नाहीत. मी वारुळाला तोंड लावून आधी माती फुंकून उडवतो आणि मग वाळवी जोरात ओढून घेतो. तो आवाज बऱ्याच लांबवर जातो. माझी पिल्लं आईच्या पाठीवर बसून फिरतात." पाठीवरचं पिल्लू ऐकलं की मुलं हमखास 'माकड' म्हणतात. उत्तर आहे अस्वल. दात नसल्याने तोंडात फट राहते आणि वाळवी ओढायला तीच नळीसारखी उपयोगी पडते. माती नाकात जाऊ नये म्हणून त्याला नाकपुड्याही मिटता येतात. आणि पिल्लं पाठीवर का? वाघ-बिबट्यापासून वाचायला. आईचे लांब, दाट केस धरून ती बसतात. आता मुलांना अस्वल म्हणजे नुसतं 'काळं, केसाळ' राहत नाही.

तरसाचं कोडं घालताना मात्र आपणच सावध राहायला हवं. "मी माणसासारखा हसतो" हा इशारा पुस्तकांतून, टीव्हीवरून आलाय, पण तो आफ्रिकेतल्या ठिपकेवाल्या तरसाचा. आपल्याकडचं तरस पट्टेवालं असतं आणि ते तसं हसत नाही. त्याच्यासाठी इशारा असा द्या: "माझे पुढचे पाय मागच्यापेक्षा लांब, म्हणून पाठ उतरती. मी हाडंसुद्धा फोडून खातो, त्यामुळे माझी विष्ठा वाळली की पांढरी दिसते." विष्ठा म्हटलं की वर्ग हसतो, हसू द्या! हाडांतलं कॅल्शियम हा मुद्दा त्या हसण्याबरोबरच लक्षात राहतो. मेलेली जनावरं खाऊन तरस रान साफ ठेवतं. दिसायला कुत्र्यासारखं असलं तरी नात्याने ते मुंगूस आणि मांजराच्या जवळचं आहे.

साळिंदराचंही असंच. ते काटे बाणासारखे फेकतं असं आजीपासून आपण ऐकत आलोय. ते खरं नाही. काटे म्हणजे जाड, कडक झालेले केसच. साळिंदर ते खळखळ वाजवून आधी इशारा देतं आणि तरीही शत्रू हटला नाही तर पाठमोरं त्याच्या अंगावर जातं. सैल काटे शत्रूच्या अंगात रुतून राहतात. कोळसून, म्हणजे रानकुत्रा, शीळ घालून आपल्या कळपाला हाक देतो. हे सांगितलं की मधल्या सुट्टीत सगळे कोळसून होतात, ती तयारी ठेवा.

आता माझं सगळ्यात आवडतं कोडं. हे मी मुद्दाम शेवटी घेते.

"मला एकही दात नाही. माझी जीभ इतकी लांब, की तिचं मूळ छातीत खोलवर असतं. मी मुंग्या आणि वाळवी खातो. माझं पिल्लू आईच्या शेपटीवर बसून फिरतं. भीती वाटली की मी पळत नाही, चावत नाही, अंगाचा चेंडू करतो. नावात मांजर आहे, पण मी मांजर नाही."

खवले मांजर! अंगावर खवले असलेला सस्तन प्राणी जगात हाच. हे खवले केराटिनचे असतात, म्हणजे आपल्या नखांचेच. मुलांना इथे स्वतःची नखं बघायला सांगा.

मग तो नेहमीचा प्रश्न विचारा: तो चेंडू का करतो? वाघ-बिबट्याला तो कडक गोळा फोडणं फार अवघड जातं, म्हणून. आणि समोर माणूस आला तर? वर्ग इथे थोडा शांत होतो. मग कुणीतरी म्हणतं, "बाई, मग तर उचलून पिशवीत टाकता येईल." अगदी तसंच होतं. जी सवय वाघापासून वाचवते, तीच माणसाच्या हाती सापडवते. औषधी म्हणून या खवल्यांची चोरटी विक्री होते. नखं खाऊन कुणाचा आजार बरा होईल का, हे मुलंच विचारतात.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत या प्राण्याला संरक्षण आहे. कोकणात, सह्याद्रीच्या पट्ट्यात तो आजही आहे, पण रात्री फिरत असल्याने फारसा दिसत नाही. म्हणूनच या भागातल्या मुलांना तो ओळखता आलाच पाहिजे. दिसला तर हात लावायचा नाही, गर्दी करायची नाही, कुत्री लांब ठेवायची. मोठ्यांना सांगून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा. पालकांनो, एक तुमच्यासाठीही: फोटो काढून गावाच्या नावासकट व्हॉट्सॲपवर टाकू नका. तो कुठे आहे हे शिकाऱ्यालाही त्यातूनच कळतं.

घरी घालायला एक कोडं देते. उत्तर मुलांकडूनच घ्या. "मी उंच झाडांवर राहतो, जमिनीवर क्वचितच उतरतो. एकाच वेळी अनेक घरटी बांधतो, पण सगळ्यांत राहत नाही. लांब उडी मारताना झुपकेदार शेपटी मला तोल देते. भीमाशंकरला गेलात तर मान वर करून बघा." आणि विचारा, एवढी घरटी कशाला?