स्केर्त्सो : थट्टा असते तरी कुठे?

‘स्केर्त्सो’ हा इटालियन शब्द. अर्थ थट्टा. पाश्चात्त्य अभिजात संगीतात सिंफनीच्या किंवा क्वार्टेटच्या एका भागाला हे नाव असतं. पण नुसता शब्दार्थ धरून ऐकायला बसलं, की बरंच निसटतं.

गैरसमज : उच्चार ‘शेर्झो’.
वस्तुस्थिती : इटालियन उच्चारात सुरुवातीला ‘स्क’ आणि शेवटी ‘त्सो’ येतो.

गैरसमज : हा प्रकार बेथोव्हेनने शोधला.
वस्तुस्थिती : माँतेव्हेर्दीने 1607 मध्येच आपल्या गीतसंग्रहाला हे नाव दिलं होतं. 1781 मध्ये हायडनने सहा क्वार्टेट रचले आणि त्यांत मिन्युएट या दरबारी नृत्याच्या जागी ‘स्केर्त्सो’ किंवा ‘स्केर्त्सांदो’ असं लिहिलं. बेथोव्हेनने त्याला वेग दिला, वजन दिलं. तीन मात्रा इतक्या झपाट्याने जातात, की सगळ्या मिळून एकच ठोका वाटावा.

गैरसमज : ठेका नेहमी तीन मात्रांचाच.
वस्तुस्थिती : बहुतेकदा तसाच. पण बेथोव्हेनच्याच 1802 च्या एका पियानो सोनाटातला (ओपस 31, क्रमांक 3) स्केर्त्सो दोन मात्रांचा आहे.

गैरसमज : हे हसवणारं संगीत.
वस्तुस्थिती : इथे थट्टा होते ती आपल्या अपेक्षेची. बेथोव्हेनच्या तिसऱ्या सिंफनीतला स्केर्त्सो ऐका. तंतुवाद्यं अगदी हळू आवाजात, तुटक स्वरांत सुरू होतात. लिखाण तीन मात्रांचं, पण कानाला स्वरांच्या दोन-दोनच्या जोड्या ऐकू येतात. सम कुठे आहे, याचा पत्ताच लागत नाही. मग अख्खा वाद्यवृंद एकदम उसळतो आणि पायाखाली जमीन लागते.

गैरसमज : मग तो आनंदी तरी असणारच.
वस्तुस्थिती : शोपँचा पहिला स्केर्त्सो 1835 मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला दोन कडाडणारे आघात, एक वरच्या पट्टीत, दुसरा खाली. त्यांच्यामागून सैरभैर धावणारे स्वर. मधोमध मात्र पोलंडमधलं नाताळचं अंगाईगीत शांतपणे उमटतं, आणि तेच आघात येऊन ते मोडून टाकतात. यात हसू कुठेच नाही. तरीही अंगाईत विसावलेला कान अवचित दचकतो, आणि खेळ तोच आहे.

म्हणून स्केर्त्सो ऐकताना बोटांनी ठेका धरा. ठेका हुकला, तर आपलं चुकलं असं समजू नका. पुष्कळदा रचनाकाराने थट्टा तिथेच पेरलेली असते.