वेलांटीपुरती जागा

दुकानाची पाटी लावणारा फिटर शिडीवर जितका वेळ असतो, जवळजवळ तितकाच रस्त्यापलीकडे असतो. भिंतीवर कागदी टेम्प्लेट चिकटवायचं, त्यावरून ड्रिलने भोकं पाडायची, अक्षरं बसवायची आणि दर थोड्या वेळाने वाहनं चुकवत समोरच्या फुटपाथवर जाऊन मागे वळून बघायचं. पुण्यात उताराच्या एका रस्त्यावर मी हे काम बघत उभा होतो. लेव्हलचा बुडबुडा बरोबर मधोमध होता, तरी पाटी एका अंगाला कललेली वाटत होती. खालची पायरी, फुटपाथ आणि वरचा जुना छज्जा, सगळंच उताराबरोबर निघालेलं. फिटरने डावं टोक दोन सूत खाली घेतलं. "आता सरळ झाली," तो म्हणाला. बुडबुडा बाजूला सरकला होता.

ज्या कंपनीची ती पाटी होती तिच्या मुख्यालयात जाडजूड ब्रँड मॅन्युअल असणार. लोगोभोवती किती जागा मोकळी सोडायची, लाल नेमका कोणता, अक्षराची जाडी किती, सगळं त्यात असतं. ही दोन सुतं मात्र नसतात. गावोगावची पाटी एकच आहे असं गिऱ्हाइकाला वाटतं, त्यात अशा दोन-दोन सुतांचा वाटा फार मोठा आहे.

एकच दुकान असतं तोवर हा प्रश्नच नसतो. पेंटरने काढलं ते नाव, त्याचा हात तीच ओळख. दुसरं दुकान त्याच पेंटरकडे जातं. गडबड सुरू होते पाचव्या-सहाव्या दुकानापासून. दुकान दुसऱ्या जिल्ह्यात असतं, फॅब्रिकेटर तिथलाच गाठलेला असतो आणि मूळ फाइल कोणालाच सापडत नाही. मग जुन्या पाटीचा फोनवर काढलेला फोटो पाठवला जातो आणि तिकडचा मुलगा कोरलड्रॉमध्ये त्यावरून अक्षरं गिरवून घेतो. फोटो खालून काढलेला, म्हणून अक्षरं वर निमुळती झालेली; ती तशीच गिरवली जातात. पुढच्या दुकानाला या पाटीचा फोटो जातो. दहाव्या दुकानापर्यंत नाव तेच उरतं, चेहरा बदललेला असतो, आणि हे कोणी मुद्दाम केलेलं नसतं.

रंगाचं तर विचारूच नका. मॅन्युअलमध्ये लाल एकच असतो, पण पाटीत तो तीन वस्तूंत उतरतो. मागची पाठ एसीपीची, म्हणजे दोन पातळ अ‍ॅल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लास्टिकचा थर. तिचा लाल कारखान्यातून रंगून येतो. अक्षराचा दर्शनी भाग अ‍ॅक्रेलिकचा, त्याचा लाल वेगळा. त्यावर चिकटवायच्या विनाइलचा आणखी वेगळा. शिवाय दिवसा रंग दिसतो तो उजेड अंगावर पडून, रात्री दिसतो तो उजेड आतून आरपार येऊन. दिवसा झकास दिसणारा लाल रात्री फिका गुलाबी होऊ शकतो, म्हणून आरपार उजेडासाठीचं विनाइलच निराळं मिळतं. पांढऱ्या दिव्यांतही निळसर आणि पिवळसर अशा जाती आहेत. दोन वर्षांनी चार एलईडी मॉड्यूल गेले आणि इलेक्ट्रिशियनने बाजारात मिळाले ते बसवले, की एकाच नावातली तीन अक्षरं थंड दिसतात नि दोन उबदार.

त्यात ऊन आहे. पश्चिमेकडे तोंड असलेल्या दुकानाचा लाल त्याच वर्षी लावलेल्या उत्तरेकडच्या दुकानाआधी उडतो. कोकणात खाऱ्या हवेने आधी स्क्रू गंजतात आणि त्यांचे तांबडे ओघळ पाटीवर उतरतात. सगळ्या पाट्या एकाच दिवशी नव्या लावल्या, तरी चौथ्या वर्षी त्या एकसारख्या राहत नाहीत. तेव्हा शहाणी कंपनी दर वर्षी दुकानांचे फोटो एकाच अंतरावरून, दिवसा एक आणि रात्री एक असे मागवते. बाकीच्या कंपन्यांना हे मालकाच्या गाडीतून दिसतं.

नवीन दुकान घेतलं की आधी 'रेकी' होते. टेप घेतलेला माणूस येतो. दर्शनी भागाची लांबी-उंची, समोरची झाडं, विजेच्या तारा, वरच्या मजल्यावरच्या वकिलाची किंवा डॉक्टरची पाटी, सगळं टिपून घेतो. कुठे अठरा फूट रुंदी मिळते, कुठे नऊ. म्हणून चांगलं मॅन्युअल मापं थोडी आणि प्रमाणं जास्त देतं. या धंद्यातला एक जुना आडाखा आहे: दर दहा फूट अंतराला एक इंच उंच अक्षर. साठ फुटी रस्त्यापलीकडून नाव सहज वाचता यायचं, तर सहा इंचांखाली जाऊन चालत नाही. चिंचोळ्या बाजारपेठेत तेच नाव दीड फुटी लावलं, तर माणूस पाटीखाली उभा असतो आणि त्याला पाटी दिसत नाही.

मोठमोठ्या साखळ्यांनाही नमतं घ्यावं लागलं आहे. अमेरिकेतल्या सेडोना गावात मॅकडोनाल्ड्सची पिवळी कमान तांबड्या डोंगरांपुढे नको असं ठरलं, म्हणून १९९३ साली तिथे ती फिरोजी रंगात लागली. जपानमधल्या क्योटोत याच साखळीचा लाल तपकिरी होतो. आपल्याकडे मुंबईच्या दादाभाई नौरोजी रस्त्यावर वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांनी पाट्यांचे नियम आखले. दगडी कमानी वाटेल तशा फलकांनी झाकून गेल्या होत्या. पाटी कमानीच्या आत बसवायची, नक्षीवर चढवायची नाही, हा त्यातला गाभा. मला तो रस्ता या विषयाची उत्तम शाळा वाटतो. तिथे शेजारच्या दुकानांच्या पाट्यांना एकमेकींशी जुळवून घ्यावं लागलं. कोणती पाटी कोणत्या साखळीची, हा प्रश्न मागे पडला.

खरी परीक्षा घेतली ती देवनागरीने. मराठी पाटीचा नियम पूर्वीही होता. कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकानंही त्यात आली आणि मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत हे स्पष्ट झालं. व्यापारी सर्वोच्च न्यायालयात गेले. २५ सप्टेंबर २०२३ रोजी न्यायालयाने पाट्या लावायला दोन महिने दिले. मग जी धावपळ झाली, तिची फळं अजून रस्त्यारस्त्यावर लटकताहेत.

बहुतेकांनी मूळ लोगोशेजारी संगणकात असेल त्या फाँटमध्ये नाव टाइप केलं आणि रुंदी जुळेपर्यंत ताणलं. आडवं ताणलं की काने जाड होतात, शिरोरेखा मात्र होती तेवढीच राहते. अक्षर गालफुगी झाल्यासारखं दिसतं. दुसरी फसगत मापाची. फाँटच्या मापात वेलांटी, मात्रा, रफार यांना वर आणि उकाराला खाली जागा धरलेली असते. रोमन कॅपिटल त्या मापात ऐटीत उभं राहतं, आपला 'क' मात्र आखडून बसतो. आकडा दोघांचा एकच, पण डोळ्याला मराठी लहान. डोळ्याला जुळेल इतकं ते मोठं केलं, की इंग्रजी कॅपिटलच्या अंगाने बांधलेल्या दोन फुटी पट्टीत मावेनासं होतं. आधी वेलांटी कापली जाते, मग उकार चेपला जातो.

फॅब्रिकेटरची अडचण आणखी निराळी. रोमन अक्षरं सुटी कापता येतात. मराठी शब्द शिरोरेखेने बांधलेला, म्हणजे अख्खं नाव एकसंध. शीट सर्रास आठ बाय चार फुटांची. नाव त्याहून लांब गेलं की शिरोरेखेला सांधा आला आणि रात्री त्या सांध्यातून उजेडाची रेघ दिसते. मुरलेला कारागीर सांधा काना उतरतो तिथे लपवतो. 'बाटा' किंवा 'स्टारबक्स' ही नावं त्याला आंदण मिळाल्यासारखी, वर काही नाही की खाली काही नाही. 'मॅकडोनाल्ड्स'च्या शेवटच्या जोडाक्षरात मॉड्यूल बसवायचे तर बोटं वळत नाहीत.

अक्षरांची वानवा आहे असंही नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट घडवणाऱ्या संस्थेची मुक्ता आणि बालू ही घडणीची देवनागरी अक्षरं कोणालाही फुकट वापरता येतात. ज्या भाषेत अक्षरकार कमल शेडगे यांनी नाटकांच्या शीर्षकांना नटांइतकंच ओळखीचं करून ठेवलं, तिथे लोगोचं मराठी रूप टायपिंगवर भागवणं हा मला निव्वळ आळस वाटतो. काही कंपन्यांनी अक्षरकारांना बोलावून मूळ लोगोची जाडी, टोकं, वळणं देवनागरीत नव्याने रेखून घेतली. त्यांची पाटी लांबूनही घरची वाटते. शुद्धलेखनाचा निकालही मुख्यालयालाच लावावा लागतो. नावातल्या 'अँड'चं 'अँड'च ठेवायचं की 'आणि' करायचं, हे ठरवून दिलं नाही तर ठाण्यात एक होतं आणि नाशकात दुसरं.

त्या उताराच्या रस्त्यावर दिवेलागणीला पाटी पेटवून बघायची होती. मॅनेजर, फिटर, इलेक्ट्रिशियन आणि मी, सगळे पलीकडच्या फुटपाथवर. दिव्यांना वीज देणारा एसएमपीएस चालू झाला, नाव उजळलं, फक्त अनुस्वार काळाच राहिला. तो सुटा असतो, त्याची वायर वेगळी न्यावी लागते. फिटरने काही न बोलता शिडी उचलली आणि रिक्षांमधून वाट काढत पुन्हा पलीकडे गेला.