झाड सापडलं म्हणजे टर्की सापडली?

गैरसमज: टर्कीला उडता येत नाही, ती जमिनीवरच झोपते.

हा समज पोल्ट्रीतल्या टर्कीवरून पसरला. मांसासाठी पोसलेला तो अवजड पक्षी उडत नाही, हे खरं. पण अमेरिकेच्या रानातली टर्की दिवेलागणीला उंच झाडावर जाते आणि रात्र तिथेच काढते; तोच तिचा रातथारा. अंधारात तिला नीट दिसत नाही, आणि खाली कायोटी, बॉबकॅट हिंडत असतात. आपला मोरही हेच करतो. दोघं एकाच कुळातले. रात्री जमिनीवर राहते ती अंडी उबवणारी किंवा लहान पिल्लांची मादी. साधारण दोन आठवड्यांत पिल्लं फांदीपर्यंत उडू लागली, की तीही त्यांना घेऊन वर जाते.

गैरसमज: शिकाऱ्याला रातथाऱ्याचं झाड एकदा कळलं की कायमचं कळलं.

टेक्साससारख्या मोकळ्या मुलखात हे बरंचसं खरं आहे. तिथे उंच झाडं मोजकी, तीही ओढ्याकाठची. म्हणून रिओ ग्रांडे उपजातीच्या टर्कीचे थवे वर्षानुवर्षं त्याच झाडांवर उतरतात. झाड नसेल तर विजेचा मनोराही चालतो! पूर्वेकडच्या दाट जंगलात मात्र झाडांना तोटा नाही. तिथली टर्की आज इथे, उद्या पलीकडच्या डोंगरउतारावर.

गैरसमज: नर झाडावरून ओरडतोय ना? मग मादीचा आवाज काढत राहा, तो समोर येऊन उतरेल.

नवखे शिकारी सर्वांत जास्त फसतात ते इथे. वसंतात नर उजाडण्याआधीच फांदीवरून साद घालू लागतो, पण ती माद्यांनी आपल्याकडे यावं म्हणून. खालून मादी सारखी बोलतेय असं वाटलं, की तो ती दिसेपर्यंत वरच बसून राहतो. शेजारच्या झाडावर खऱ्या माद्या असतील, तर उतरून त्यांच्याबरोबर चालता होतो. म्हणून जाणता शिकारी शंभरेक मीटर दूर बसतो, दोनदा-तीनदा हलकेच आवाज देतो आणि गप्प राहतो. सकाळ चढल्यावर माद्या घरट्यांकडे गेल्या की एकटा पडलेला नर जास्त ऐकतो. पहाटेलाच सगळं महत्त्व देणाऱ्यांना हे पटत नाही, हा भाग वेगळा.

शिकारीच्या आदल्या संध्याकाळी घुबडाचा आवाज काढून नराला ओरडायला लावतात. त्यावरून त्याचं झाड कळतं. तेवढं कळलं की मागे फिरायचं. आणखी जवळ जाऊन थवा उठवला, तर दुसऱ्या दिवशीची पहाट वाया.

गैरसमज: झाडावर बसलेलीच टिपली की काम सोपं.

अमेरिकेतल्या अनेक राज्यांत हा गुन्हा आहे, आणि शिकारीही हे कमीपणाचंच मानतात. शिवाय अंधुक उजेडात फांदीवर दिसते ती नुसती आकृती. छातीवर दाढीसारखा, केसांसारख्या पिसांचा झुबका आहे की नाही, ते कळत नाही. आणि वसंतातल्या हंगामात बहुतेक ठिकाणी दाढी नसलेल्या पक्ष्यावर बंदूक चालवायला परवानगीच नसते.