काळी माती, पाणी आणि रस्त्यावरचा माणूस

परभणी जिल्ह्यात रस्ता करायचा म्हणजे पहिली गाठ काळ्या मातीशी पडते. कापूस, सोयाबीन, ज्वारीला ही माती वरदान. रस्त्याला तीच वैरीण. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात मानवत-पाथरीकडच्या शेतांत छत्रीची दांडी आत जाईल अशा भेगा पडतात. डांबराखालची मातीही तशीच आकसते. फक्त ती दिसत नाही.

माझी सगळी नोकरी रस्त्याच्या कामावर गेली. खड्डा पडला की लोक डांबराला नावे ठेवतात. डांबर कमी टाकले असेल तर ठेवावीतच. पण आपल्याकडचा खड्डा बहुतेक वेळा खालून आणि कडेने येतो. साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच झाली, नाली बुजली किंवा कोणी ती बुजवून शेतात जायला वाट केली, की पावसाचे पाणी कडेला अडते. ते मुरते, कड फुगते, ऊन लागले की आकसते आणि डांबरावर कडेकडेने लांबच लांब भेग जाते. पुढच्या पावसात पाणी त्या भेगेतून थेट आत उतरते. मग भरलेला ट्रक गेला की कड खचते. दुचाकीवाला ती चुकवायला मधे येतो आणि समोरून गाडी असते. अपघाताच्या कागदावर ‘चालकाचा निष्काळजीपणा’ लिहिले जाते. बुजलेल्या नालीचे नाव कुठेच येत नाही.

उपाय नवा नाही. काळी माती उकरून काढायची, मुरमाचा जाड थर द्यायचा, पाणी मारून रोलरने नीट दाबायचा. मुरूम लांबून आणावा लागत असेल तर मातीतच शेकडा तीन ते पाच चुना मिसळायचा. त्याने तिचे फुगणे बरेच कमी होते. रस्ता मध्यावर उंच, कडांना उतरता ठेवायचा आणि नाली थेट मोरीपर्यंत वाहती ठेवायची. शेवटचे काम सगळ्यात स्वस्त आहे आणि तेच सगळ्यात जास्त राहून जाते.

माझी मुलगी आणि जावई स्वीडनमध्ये गोटेनबर्गला राहतात. तिथला रस्ता पाहून आपला माणूस पटकन म्हणतो, यांना जमीनच चांगली मिळाली. तसे मुळीच नाही. हिवाळ्यात तिथे रस्त्याखालचे पाणी गोठते, बर्फ रस्त्याला खालून उचलतो. वसंतात वरचा थर आधी वितळतो, खालचा गोठलेलाच असतो. पाण्याला जायला वाट नसते आणि रस्ता मऊ पडतो. म्हणून ते रस्त्याखाली दगड-खडीचे जाड थर देतात, दोन्ही बाजूंना खोल चर ठेवतात. खडीच्या कच्च्या रस्त्यांवर बर्फ वितळायच्या दिवसांत जड वाहनांना मनाई करतात. म्हणजे त्यांचा आणि आपला शत्रू एकच आहे, अडलेले पाणी. ते दरवर्षी पाणी अडण्याआधीच तयारीला लागतात, आपण खड्डा पडल्यावर.

पण रस्ता नुसता गुळगुळीत झाला म्हणजे माणसे वाचतात, असेही नाही. चांगल्या रस्त्यावर वेग वाढतो. समृद्धी महामार्गापेक्षा गुळगुळीत रस्ता मराठवाडा-विदर्भाने पाहिला नव्हता. त्याच रस्त्यावर १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ बसला आग लागून २५ प्रवासी गेले. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यातली १५,२२४ आपल्या महाराष्ट्रात. देशातल्या मृतांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते. महाराष्ट्रात लाख लोकांमागे वर्षाला बारा जण जातात, स्वीडनमध्ये दोन.

स्वीडनमध्येही पूर्वी असे नव्हते. १९७० च्या सुमारास त्या छोट्या देशात वर्षाला तेराशेच्या आसपास माणसे मरत. आता सव्वादोनशेच्या जवळपास. १९९७ साली तिथल्या संसदेने धोरण ठरवले, की रस्त्यावर कोणी मरावे किंवा जायबंदी व्हावे हे मान्यच करायचे नाही. माणूस चुकणारच, त्याला डुलकी लागणारच. ती चूक त्याच्या जिवावर बेतू नये हे पाहणे रस्ता बांधणाऱ्याचेही काम आहे. त्यातून तिथे तीन पट्ट्यांचे रस्ते वाढले. मधली पट्टी काही अंतर जाणाऱ्यांना, काही अंतर येणाऱ्यांना ओव्हरटेकसाठी मिळते आणि दोन दिशांच्या मध्ये लोखंडी दोरांचा कठडा असतो. झोपेतली गाडी त्या दोरांवर जाऊन अडते, समोरच्यावर आदळत नाही. चौपदरी करण्यापेक्षा याला खर्च पुष्कळ कमी येतो.

‘आपल्या लोकांना शिस्त लागणार नाही’ हे वाक्य मी आयुष्यभर ऐकले आणि ते मला कधी पटले नाही. स्वीडनमध्ये पूर्वी आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक होती. उजवीकडे जायचे का, यावर १९५५ मध्ये सार्वमत झाले तेव्हा सुमारे ८३ टक्के लोक विरोधात होते. तरी संसदेने निर्णय घेतला, काही वर्षे तयारी केली आणि ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे पाच वाजता सगळा देश उजवीकडे आला. सवय बदलते, बदलून घेणारा ठाम आणि तयारीचा हवा.

तिथे माझी तीन वर्षांची नात गाडीत मागे तोंड करून, पट्ट्यांनी बांधलेल्या खुर्चीत बसते. धक्का बसला तर मान आणि डोके खुर्ची सावरते. आपल्याकडे त्याच वयाची लेकरे पेट्रोलच्या टाकीवर, बापाच्या दोन हातांच्या मध्ये बसून जातात. ब्रेक लागला की आधी तीच पुढे फेकली जातात. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर हेल्मेट आणि चालकाशी बांधणारा पट्टा हवा, वेग ताशी ४० च्या आत हवा, हा नियम आपल्या देशातही २०२३ पासून लागू आहे. परभणीच्या दुकानात तो पट्टा मागून पाहा. दुकानदार नवलाने बघतो.

आणि रात्रीचे काय? गाळप हंगामात गंगाखेड, पाथरीकडे ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या उसाने भरून निघतात. एकदा थांबलेल्या ट्रॅक्टरवाल्या पोराला मी विचारले, “दादा, मागचा लाइट कुठंय?” तो म्हणाला, “हाय की काका, पण उसानं झाकलाय.” मी मागे जाऊन पाहिले. वाढे लोंबून दिवाही झाकला होता आणि रेडियमची पट्टीही. समोरून अप्पर लाइट मारत गाडी आली, की मागच्या दुचाकीवाल्याला ती ट्रॉली अंगावर आल्यावरच दिसणार. त्या पोराचा यात दोष थोडा. रात्रभर खेपा केल्या तर त्याचा मेळ बसतो. रेडियमचे कापड उसावरून मागे बांधले तर ते लांबून चमकते आणि त्याला फार पैसेही लागत नाहीत.

कायदा आपल्या बाजूने आहे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार, रस्ता ठरलेल्या निकषाने बांधला-राखला नाही आणि त्यामुळे कोणी मेले किंवा अपंग झाले, तर ठेकेदाराला आणि जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. जखमीला मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. नाव सांगायचीही सक्ती करता येत नाही. म्हणून अपघात दिसला तर थांबा आणि १०८ ला फोन लावा.

गावाने करण्यासारख्या आणखी दोन गोष्टी आहेत. मृग लागण्याआधी ग्रामसभेत आपल्या फाट्यापासूनच्या नालीचा आणि साइडपट्टीचा विषय घ्या. नाली बुजवणारा आपला भाऊबंद असला तरी ती मोकळी करून घ्या. आणि गाळप सुरू होण्याआधी ऊस देणाऱ्या शेतकऱ्यांनी कारखान्याला लेखी कळवा, की मागून रेडियमचे कापड बांधल्याशिवाय एकही ट्रॉली काट्यावर घेऊ नका. ऊस तुमचा आहे, तेव्हा ही अट घालण्याचा हक्कही तुमचाच आहे.