पिंपाला कंठ फुटला

कॅरिबियनमधल्या ट्रिनिडाद बेटावरच्या मोठ्या स्टीलबँडमध्ये शंभराच्या आसपास वादक असतात. क्रोम चढवलेल्या चकचकीत पिंपांतून, म्हणजे स्टीलपॅनमधून, सूर निघत असतात, पण बँडच्या मधोमध आणखी एक टोळकं उभं असतं. त्या जागेला तिथले लोक ‘इंजिन रूम’ म्हणतात. तिथं मोटारीचे जुने ब्रेक-ड्रम लोखंडी सळईनं बडवले जातात. त्यांतून ना सा निघतो, ना रे. पण हा ठोका ढळला की अख्खा बँड लंगडायला लागतो. जगभर मान मिळाल्यावरही स्टीलपॅननं भंगारातला हा सोबती सोडलेला नाही, कारण त्याचं कूळ तिथलंच.

हे कूळ वाढलं ते बंदीमुळे. १८३८ मध्ये गुलामगिरीतून पुरते सुटलेले आफ्रिकी वंशाचे लोक कार्निव्हलला मशाली पेटवून, ढोल बडवत ‘कॅनबुले’ची मिरवणूक काढत. १८८१ मध्ये राजधानी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये त्यांची आणि पोलिसांची धुमश्चक्री झाली. १८८४ च्या कायद्यानं ढोल, मशाली आणि लाठ्या घेऊन जमण्यावर टाच आणली. त्याच वर्षी सॅन फर्नांडो शहरात, ऊसमळ्यांवरच्या हिंदी मजुरांच्या मोहरमच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला. आपल्याकडे गणपतीत कडाडतो त्या ताशाचा भाऊबंद याच मजुरांबरोबर तिथं गेला आणि आजही वाजतो. ढोल म्हणजे जमाव आणि जमाव म्हणजे दंगा, हा ब्रिटिश वसाहतीचा हिशेब दोन्ही समाजांना सारखाच लागू होता.

कातडं गेलं तसा लोकांनी बांबू उचलला. ‘टॅम्बू बांबू’ या वाद्यमेळात चार-पाच फुटी जाड ‘बूम’ जमिनीवर आपटायचा; तो खर्ज. आखूड तुकड्यांची जोडी टोकाला टोक भिडवून वाजवायची, बारीक ‘कटर’ काडीनं ठोकायचा. साथीला बाटली आणि चमचा. वाजवणारा आणि नाचणारा असे दोघे वेगळे नसत. बूम जमिनीवर पडला की पाऊल पुढं पडे.

बांबू बडवून फुटायचा. म्हणून १९३० च्या दशकात गरीब वस्त्यांतल्या पोरांनी बिस्किटांचे आणि रंगाचे डबे, कचऱ्याच्या पेट्या, ब्रेक-ड्रम हाताशी घेतले. पत्र्याचा आवाजही लांबवर जाई. डबा बडवून चेपला की कुठं पोचा येतो, कुठं फुगवटा, आणि प्रत्येक जागा वेगळी बोलते, हे कुणाच्या तरी कानानं हेरलं. तो कान नेमका कुणाचा, यावर ट्रिनिडादमध्ये अजून हमरीतुमरी होते. महायुद्धात १९४२ ते १९४५ कार्निव्हल बंद होता. परसांतले प्रयोग बंद नव्हते. मे १९४५ मध्ये युरोपातल्या विजयाची बातमी आली आणि डबेवाले रस्त्यावर उतरले. १९४६ च्या कार्निव्हलमध्ये विन्स्टन ‘स्प्री’ सायमननं डब्यावर ओळखू येतील अशा चाली वाजवल्या. तेलाचं पिंप घेऊन त्याचा तळ आतल्या बाजूला खोल करण्याचं श्रेय बहुधा एली मॅनेटला दिलं जातं. तेल काढणाऱ्या या बेटावर रिकाम्या पिंपांना तोटा नव्हता.

आजही कृती तीच. २०८ लिटरच्या पिंपाचा तळ घणानं ठोकत खोल न्यायचा. वरच्या सुरांच्या टेनर पॅनला ही खोली सुमारे २० सेंटिमीटर भरते. पत्रा ताणून पातळ झाला पाहिजे, फाटता कामा नये. मग प्रत्येक सुराचं घर आखून त्याभोवती पोगरानं रेघ मारायची, म्हणजे एका घराचं कंपन शेजारी फारसं झिरपत नाही. टेनरसाठी पिंप वीतभर ठेवून बाकीचं कापायचं, बाससाठी अख्खं राखायचं. विस्तवावर तापवून झालं की शेवटी सूर लावणं. पुण्याच्या तांबट आळीत भांडं मठारतात तसे हातोडीचे बेताचे घाव वरून आणि खालून पडत राहतात. घरातल्या मूळ सुराबरोबर त्याचा तारसप्तकातला जोडीदारही जुळवावा लागतो, आणि एक घर जुळलं की शेजारचं उतरतं. अँथनी विल्यम्सनं कोळ्याच्या जाळ्यासारखी मांडणी काढली, तीत शेजारची घरं षड्ज-पंचम भावानं बांधलेली असतात. बासच्या एका पिंपात जेमतेम तीन सूर मावतात, म्हणून बासवाला सहा किंवा अधिक पिंपांच्या मधोमध उभा राहून गिरक्या घेत वाजवतो. इथं नाच ही हौस नाही, गरज आहे.

सुरुवातीला या बँडांना गुंडांचे अड्डे समजत, आणि ते सर्वस्वी खोटंही नव्हतं. ‘इन्व्हेडर्स’, ‘डेस्पेराडोज’, ‘रेनेगेड्स’ ही नावंच बोलकी आहेत. वस्त्यांमधल्या मारामाऱ्या खऱ्या होत्या. १९५१ मध्ये निवडक वादकांचा ‘टास्पो’ हा संघ लंडनच्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’मध्ये वाजवून आला, तेव्हा घरच्या प्रतिष्ठितांचे कान उघडले. १९६३ मध्ये ‘पॅनोरामा’ ही स्पर्धा सुरू झाली आणि भांडण मैदानात आलं. ऊसमळ्यांवरच्या हिंदी मजुरांच्या वंशातल्या जित समारूनं ‘रेनेगेड्स’ला ती नऊ वेळा जिंकून दिली. १९९२ मध्ये पॅन राष्ट्रीय वाद्य ठरलं. २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ११ ऑगस्ट हा जागतिक स्टीलपॅन दिन जाहीर केला. २०२४ मध्ये देशाच्या राजचिन्हातली कोलंबसाची तीन जहाजं उतरवून तिथं पॅन बसवायचं सरकारनं ठरवलं.

एवढं झालं तरी पॅनचं खरं घर म्हणजे वस्तीतलं पॅनयार्ड, बँडच्या तालमीचं अंगण. पॅनोरामाआधीच्या आठवड्यांत तिथं रात्र रात्र तालीम चालते. विद्यार्थी, कारकून, मेकॅनिक कामं आटोपून येतात. रचनाकार एकेक तुकडा वाजवून दाखवतो आणि वादक तो हातात बसवतात. बहुतेकांपुढे स्वरलिपीचा कागद नसतो. आठेक मिनिटांची ती रचना शेवटच्या रात्रीपर्यंत बदलत राहते, आणि काय जमलं, काय फसलं याचा निकाल कुंपणाशी उभी असलेली वस्ती परीक्षकांच्या आधीच देऊन मोकळी होते.