चिखलाचे काम

गावांची नावे पुष्कळदा तेथल्या जमिनीवरून पडतात. अंबरनाथ आणि बदलापूर यांच्यामधल्या चिखलोलीच्या नावात चिखल ऐकू येतो, आणि पावसाळ्यात तेथे गेल्यास तो पायांनाही भेटतो. चिखलाविषयी आपले मत मुळीच चांगले नाही. चिखलातून कमळ उगवते असे आपण म्हणतो, तेव्हाही मान कमळाला देतो. हा अन्याय थोडा दूर करावा, असा आमचा हेतू आहे. कारण वसतीचे सांडपाणी शुद्ध करण्याचे काम चिखल चांगले करतो. मात्र ते त्याच्याकडून करून घेण्याची रीत आहे आणि त्याच्या शक्तीला मर्यादाही आहे.

हा प्रश्न चिखलोलीच्या दाराशीच उभा आहे. येथले धरण अंबरनाथच्या काही भागाला पिण्याचे पाणी देत आले आहे. त्याच्या आसपास कारखाने आले, वसती वाढली, आता या गावाच्या नावाने रेल्वे स्थानकही मंजूर झाले आहे. जवळच्या डोंगरांतून निघणारी वालधुनी इ. स. १०६० मधल्या शिवमंदिराला स्पर्शून उल्हासनगरात शिरते आणि कल्याणजवळ खाडीला मिळते. मंदिराच्या शिल्पांत जिला शोभा होती, तिला आज लोक नाला म्हणतात. २०१४ च्या नोव्हेंबरात उल्हासनगरात या नदीत रासायनिक द्रव्य सोडले गेले आणि काठच्या शेकडो लोकांना त्या वायूची बाधा झाली.

येथे प्रथम एक भेद केला पाहिजे. घाण पाणी दोन जातींचे असते. एक स्वयंपाकघराचे, न्हाणीचे आणि संडासाचे, दुसरे कारखान्याचे. पहिल्या पाण्यातली घाण म्हणजे कोणाचे तरी अन्नच असते. सूक्ष्म जंतू ते खातात, परंतु खाताना त्यांना प्राणवायू लागतो. आपल्या हवेत एक लिटर स्वच्छ पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. आणि एक लिटर सांडपाण्यातली घाण पचवायला २०० ते ३०० मिलिग्रॅम लागतो. म्हणजे एक लिटर सांडपाणी नदीच्या सुमारे तीस लिटर पाण्याचा श्वास संपवते. मासे विषाने मरतात असे आपल्याला वाटते. पुष्कळदा ते गुदमरून मरतात.

आता हेच काम नदीत न होता तिच्या अलीकडे, एका वाफ्यात झाले तर? कृत्रिम पाणथळ म्हणतात ती हीच. जमिनीत सुमारे ६० सेंटिमीटर खोल खाचर खणावयाचे, तळ पाणी झिरपू नये असा बांधून काढावयाचा, त्यात खडी भरावयाची आणि वर पाणकणीस, कर्दळ, वाळा, बोरू अशा ओलीत राहणाऱ्या वनस्पती लावावयाच्या. सांडपाणी आधी एका टाकीत निवळू द्यावयाचे, म्हणजे जड गाळ तेथेच बसतो. नंतर ते खडीच्या आतून, पृष्ठभागावर न येता, सावकाश वाहू द्यावयाचे. पाणी उघडे नसल्याने डास होत नाहीत आणि दुर्गंधीही फारशी येत नाही.

वनस्पतीच पाणी पितात आणि स्वच्छ करतात, अशी समजूत आहे; ती अर्धीच खरी आहे. खरे कामगार म्हणजे खडीवर बुळबुळीत थर धरून बसलेले जंतू. वनस्पती त्यांची घरमालकीण आहे. तिच्या पोकळ देठातून हवा मुळांपर्यंत उतरते. मुळांजवळ प्राणवायू असतो, थोडे दूर गेले की नसतो. मुळाजवळचे जंतू मूत्रातला अमोनिया नायट्रेटमध्ये बदलतात, दूरचे त्याच नायट्रेटचा नायट्रोजन करून हवेत सोडतात. दोन विरुद्ध स्वभावांचे कारागीर एका आळीत राहतात, म्हणून काम पुरे होते.

जर्मनीत कॅथे झायडेल या विदुषीने १९५० च्या दशकात अशा वनस्पतींवर प्रयोग आरंभिले. आपल्याकडे नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने ‘फायटोरिड’ नावाची पद्धत सिद्ध केली. मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरात तिचा उपयोग झाला आहे.

खर्च कमी, वीज जवळजवळ नाही. मग अडचण कोठे आहे? पहिली जागेची. हजार माणसांच्या वसाहतीचे सांडपाणी रोज एक लाख लिटरांच्या घरात जाते. माणशी दोन चौरस मीटर धरले तर वाफ्याला अर्धा एकर जमीन हवी. त्यात पाणी चारेक दिवस मुक्काम करते. एका वसाहतीला हे झेपते. परंतु २०११ च्या जनगणनेप्रमाणे उल्हासनगरची वसती पाच लाखांवर आणि क्षेत्र अवघे १३ चौरस किलोमीटर; तेथे एक पूर्ण चौरस किलोमीटर वाफे कोठून आणावयाचे? दाट शहराला यंत्राचे शुद्धीकरण केंद्रच हवे. वाफ्याची जागा जेथे वसती अजून विरळ आहे तेथे, म्हणजे चिखलोलीसारख्या ठिकाणी आहे.

दुसरी अडचण निगेची. वनस्पती वेळेवर कापून बाहेर काढल्या नाहीत तर त्या कुजतात आणि शोषलेले सारे पाण्याला परत करतात. उन्हाळ्यात मोहन्याजवळ उल्हास नदीवर पसरणारी जलपर्णी याचीच साक्ष देते. ती आपल्या सांडपाण्यावरच पोसली जाते.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची. पारा, क्रोमियम, शिसे यांना कोणताही जंतू पचवू शकत नाही. धातू चिखलात साठतो, मुळांत चढतो. पाणी वरून निर्मळ दिसते आणि विष खाली वाट पाहत राहते. तीव्र आम्ल वा द्रावक आले तर जंतूच मरतात. म्हणून कारखान्याचे पाणी कारखान्याच्या फाटकाआतच शुद्ध झाले पाहिजे. रसायनांच्या नाल्याच्या तोंडी चार कर्दळी लावून कोणी नदी सुधारल्याचे सांगू लागला, तर त्याला विचारावे, धातू कोठे गेला?

शेवटी जमिनीविषयी. सखल जमीन पडीक आहे असे समजून आपण तीत भराव टाकतो. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. पाण्याला पसरायला जागा लागते. आपण ती दिली नाही तर ते स्वतः घेते. बांधलेला वाफा पुराच्या वाटेत नसावा, पण त्याच्या भोवतीची ओली जमीन मात्र तशीच ओली ठेवावी. कोलकात्याच्या पूर्वेस सुमारे १२,५०० हेक्टरांची पाणथळ शहराचे सांडपाणी घेते आणि त्यावर मासे व भाजी पिकवते. २००२ साली तिला रामसर यादीत स्थान मिळाले.

तात्पर्य एवढेच. चिखलाला त्याचे काम द्यावे, त्याची जागा ठेवावी, पण विष देऊ नये. चिखलोलीत नव्या इमारतींचे नकाशे अजून काढले जात आहेत, त्यांत अर्धा अर्धा एकर आजच राखता येईल. एकदा भराव पडला की ही गोष्ट पुन्हा सांगण्यात अर्थ राहणार नाही.