शिक्षण, नोकरी आणि पाळणा

शिकलेल्या मुलींचा पाळणा उशिरा का हलतो, असे दवाखान्यात मला वडीलधारी मंडळी विचारतात. सारा दोष शिक्षणावर टाकणे मला योग्य वाटत नाही.

पेडणे आणि डिचोली हे नव्या काबिजादीतले तालुके. १९६१ च्या मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव मराठी प्राथमिक शाळा काढल्या. आज विर्नोड्याला आणि साखळीला सरकारी महाविद्यालये आहेत. पदवीसाठी तालुका सोडावा लागत नाही. २०११ च्या जनगणनेत गोव्यातील स्त्री-साक्षरता सुमारे ८५ टक्के होती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्याचा जननदर १.३ आला; देशाचा २.०.

आता वर्षे मोजू. पदवी एकविसाव्या वर्षी, बी.एड. केले तर आणखी दोन. हा उशीर हिताचाच; कोवळ्या वयातले बाळंतपण आई-बाळ दोघांनाही धोक्याचे असते. पुढची वर्षे जातात ती कंत्राटी नोकरी कायम होण्याची वाट पाहण्यात. पस्तिशीनंतर गर्भधारणेची शक्यता झपाट्याने घटते. शरीर नेमणूकपत्रासाठी थांबत नाही.

२०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूतिरजा मिळाली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघरही सक्तीचे झाले. पण कंत्राट संपले की नोकरी नाही, मग रजा कसली?

म्हणून सुनेला ‘पाळणा कधी?’ असे विचारण्याआधी तिच्या कामाच्या ठिकाणी पाळणाघर आहे का, ते विचारा. मुलींची शाळा-कॉलेजची वर्षे तोडू नका. वाट पाहण्याची वर्षे कमी करा.